अगं, पंप कुठे ठेवलास?

आमच्या घरात दोन पंप होते. एक फवारणीचा, पाठीला अडकवायचा, दांडा हलवत चालायचा, तो गुलाबांसाठी. दुसरा निळा, प्लॅस्टिकचा, मुठीत मावणारा, तोंडात धरून श्वासाबरोबर औषध ओढायचा. तो आमच्या ह्यांच्यासाठी. डॉक्टर, त्यांच्याकडची नर्स, औषधाच्या दुकानातला मुलगा, सगळे त्या निळ्या वस्तूला 'पंप'च म्हणतात. आपल्या भाषेत नणंदेच्या नवऱ्यापासून चुलतसासऱ्यापर्यंत प्रत्येकासाठी वेगळा शब्द आहे, मग ह्या दोन वस्तूंनी एकाच शब्दात का राहावं, हे मला कळलेलं नाही. पण त्या राहिल्या, आणि ह्यांनी त्याचा घ्यायचा तेवढा फायदा घेतला.

हे म्हणजे माझे यजमान. मूळचे कसबा पेठेतले. 'मूळचे' हा शब्द त्यांचाच, आणि तो ते असा उच्चारतात की समोरच्याला आपण कुठून तरी पळून आलोय असं वाटावं. मी मूळची बार्शीची. लग्न होऊन पुण्यात आले, इथल्या शाळेत मुलांना शुद्धलेखन शिकवत निवृत्त झाले, पुण्याच्या मुलांच्या वेलांट्या आयुष्यभर सुधारल्या, तरी आजही कुणाशी ओळख करून देताना हे म्हणतात, "ही मूळची तिकडची." तिकडची म्हणजे सोलापूर रस्त्याला हडपसरच्या पुढे जे काही आहे ते सगळं.

कसब्यात ह्यांच्या घराला दीड खोली होती आणि माती अजिबात नव्हती. तुळससुद्धा खिडकीच्या गजाला बांधलेल्या तुपाच्या डब्यात. त्यामुळे विमा कंपनीत नोकरी करून, कर्ज काढून सहकारनगरात लहानसा बंगला झाला, पुढे ओटाभर जागा मिळाली, तेव्हा ह्या माणसानं तिथे गुलाब लावले. अळू नाही, कढीपत्ता नाही, गवती चहा नाही. मी एकदा कोपऱ्यात पुदिना खोचला होता, तो दुसऱ्या दिवशी उपटून स्वयंपाकघराच्या ओट्यावर परत आला. सोबत काही निरोप नव्हता. पुण्यात निरोपाची गरज पडत नाही.

गुलाब साधे नव्हते. प्रत्येकाला नाव होतं आणि नाव इंग्रजी होतं. एक कुठली तरी राणी होती, एक अमेरिकेचा अध्यक्ष, एक फ्रेंच सरदाराची बायको. प्रत्येकाच्या बुडाशी पत्र्याची पट्टी, तिच्यावर सुवाच्य अक्षरात नाव. सकाळी चहाचा कप घेऊन हे वाफ्यातून हिंडायचे आणि एकेकाला पूर्ण नावानं विचारायचे, कसं काय, रात्री थंडी वाजली का. मला 'अगं'. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं ह्यांनी माझं नवं नाव लिहिलं होतं. चार अक्षरी, भारदस्त. माझं माहेरचं दोन अक्षरी नाव त्यांच्या घरात कुणाला तरी फार आखूड वाटलं होतं. ते चार अक्षरी नाव पुढे रेशनकार्डावर आलं, बँकेत आलं, लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर आलं. ह्यांच्या तोंडात मात्र कधी आलं नाही. माहेरच्या नावाचा तर प्रश्नच नव्हता. फ्रेंच सरदाराच्या बायकोचं आडनाव ह्यांना अनुनासिकांसकट येत होतं.

ह्या गुलाबांचं मला कधी फूल मिळालं नाही. केसात नाही, देवाला नाही. फूल कापायचं ते प्रदर्शनासाठी. हिवाळ्यात शहरात गुलाबांचं प्रदर्शन भरतं, त्याच्या आधी आमच्याकडे लगीनघाई असायची. निवडक कळ्यांवर ऊन नको म्हणून काठीला जुनी छत्री बांधायची, पाकळी वाकडी होऊ नये म्हणून मध्ये कापूस ठेवायचा, आणि त्या दिवशी पहाटे बाटलीत खोवलेला गुलाब मांडीवर घेऊन हे रिक्षात बसायचे. मुलीला पहिल्यांदा शाळेत पोचवायला मी एकटी गेले होते. एके वर्षी फ्रेंच सरदाराच्या बायकोला चषक मिळाला. तो शोकेसमध्ये आहे. पुसायला मला हात लावायची परवानगी नाही.

मग गुलाबांना रोग लागला. पानांवर काळे ठिपके यायचे, कडेनं पिवळं पडायचं आणि पान गळायचं. नंतर शेंड्याकडून काळी मर उतरायला लागली. हे एक फांदी कापायचे, आठवड्यानं काळं आणखी खाली आलेलं असायचं. एकाचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. दर रविवारी पंप पाठीला लागायचा. "अगं, पंप कुठे ठेवलास?" ही आमच्या घरातली रविवारची आरती. पंप मी कधीच कुठे ठेवलेला नसायचा. तो जिन्याखाली जिथे त्यांनी ठेवलेला असायचा तिथेच असायचा. तोंडाला रुमाल बांधून हे फवारायचे, गल्लीभर वास सुटायचा, आणि त्या दिवशी फोडणीलासुद्धा तोच वास आहे असं वाटायचं.

खोकला त्याच सुमारास सुरू झाला. आधी ते म्हणाले हवा बदलली. मग म्हणाले रस्त्याची खोदाई आहे. मग जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून समोरच्या भिंतीकडे बघायला लागले, जणू भिंतीवर काही वाचायला लिहिलंय. छातीच्या डॉक्टरांनी तपासून दमा सांगितला आणि निळा पंप दिला. हे तो खिशात घालून घरी आले आणि कपाटात ठेवून दिला. गुलाबाच्या पानावरचा ठिपका भिंग लावून बघणारा माणूस, पण स्वतःच्या छातीतली शिट्टी त्याला ऐकू यायची नाही.

पुढच्या तपासणीला मी बरोबर गेले होते. डॉक्टर तरुण होते, घाईत होते.

"काका, पंप नियमित मारताय ना?"

"दर रविवारी," हे म्हणाले.

"रविवारी? अहो, रोज मारायचा. सकाळ-संध्याकाळ, न चुकता."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस?" म्हणाले.

मी डॉक्टरांना खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तोवर पुढचा पेशंट खुर्चीत बसलासुद्धा होता. आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ फवारणी सुरू झाली. मी भांडले. ते शांतपणे म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय, तू समोर होतीस. माझ्या यजमानांनी आयुष्यात कधी खोटं सांगितलेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर द्यायचं आणि न विचारलेलं पोटात ठेवायचं, एवढंच ते करतात. विम्याच्या नोकरीत ह्याला फार किंमत होती म्हणे.

हे थोडेच दिवस चाललं. एका सकाळी फवाऱ्याचा आवाज मध्येच थांबला. मी बाहेर आले तर हे कठड्यावर बसले होते, पाठीवर पंप तसाच, आणि ओठ जांभळे. श्वास आत जात नव्हता, नुसता वरच्या वर हेलकावत होता. शेजाऱ्यांची गाडी होती म्हणून वेळेत पोचलो. स्वारगेटच्या चौकात सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मी ह्यांचा हात इतका घट्ट धरला होता की नंतर त्यांच्या मनगटावर माझ्या बांगडीचा वळ होता. मला प्रचंड भीती वाटली होती. ती मी कुणाला सांगितली नाही, कारण सगळे मला विचारत होते की यजमानांना कसं वाटतंय.

दवाखान्यात ह्या वेळी डॉक्टरांनी शब्द जपून वापरले. फवारणी कायमची बंद. गुलाब ठेवा नाहीतर फुफ्फुसं ठेवा, दोन्ही जमणार नाही. हे ऑक्सिजनची नळी नाकात असताना म्हणाले, "कधीपर्यंत कळवायचं?"

घरी आल्यावर त्यांनी फवारणी बंद केली. खरंच केली. पण फवारणीशिवाय गुलाब पंधरवड्यात पानं टाकून उघडे झाले, आणि हे खिडकीशी बसून ते बघायचे. बघता बघता उठायचे, जिन्याखाली जायचे, परत येऊन बसायचे. मी ओळखलं की गुलाब वाफ्यात आहेत तोवर हा माणूस एक दिवस माझी पाठ वळली की पंप उचलणार. आणि नुसते गुलाब काढूनही भागणार नव्हतं. मोकळा वाफा दिसला की ऑक्टोबरात नवी कलमं आलीच. तिथे असं काहीतरी लावायला हवं होतं ज्याला औषध लागत नाही, कौतुक लागत नाही, आणि जे मरता मरत नाही. मला तेव्हा माझंच वर्णन करतेय असं वाटलं.

माझ्या शाळेतल्या मैत्रिणीनं देशी झाडांचा प्रसार करणाऱ्या एका बाईंचं नाव सुचवलं. त्या घरोघरी जाऊन बागा तपासून देतात, फुकट. आमच्याकडे आल्या तो दिवस नेमका चतुर्थीचा. खादीचा कुर्ता, गळ्यात दुर्बीण, आणि वाफ्यापाशी आल्या आल्या पहिला प्रश्न, "ही मूळची कुठली?"

मला वाटलं माझ्याबद्दल आहे. मी म्हटलं बार्शीची. त्या म्हणाल्या, नाही, ही सदाफुली.

मग तपासणी सुरू झाली. सदाफुली मादागास्करची निघाली. कुंपणावरची बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. पांढरा चाफा मेक्सिकोकडचा. झेंडूही तिकडचाच. मी म्हटलं, अहो, दसऱ्याला तोरण कशाचं लावायचं मग? त्यावर बाईंनी नुसता उसासा टाकला. जास्वंदीपाशी त्या थबकल्या आणि म्हणाल्या, ही तर बाहेरचीच. मी म्हटलं गणपतीला वाहतो हो आम्ही. बाई म्हणाल्या, गणपतीला चालत असेल, परिसंस्थेला चालत नाही. परदेशी झाडांनी आपली टेकडी कशी गिळली, हे त्यांनी आमच्या ओट्यावर बसून अर्धा तास सांगितलं, आणि तेवढ्या वेळात साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, मिरची. त्या ताटलीत मूळचं इथलं म्हणावं असं जिरं तरी होतं का, ते मला माहीत नाही. मी शिक्षिका असले तरी उपवासाच्या माणसाला घास घेताना अडवायचं नाही, एवढं मला बार्शीत शिकवलेलं आहे.

पण गंमत ह्यांची झाली. मला वाटलं होतं हे बाईंना दोन वाक्यांत फाटकाबाहेर काढतील. उलट ते खुर्ची पुढे ओढून ऐकत होते. मूळचे कुठले हा प्रश्न माणसांना विचारण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि झाडांनाही तो विचारता येतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बाई गेल्या तेव्हा ह्यांचा चेहरा दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा उजळला होता. फ्रेंच सरदाराची बायको जायचीच असेल, तर तिच्या जागी कुणी परकं येता कामा नये, असा त्यांनी निर्णय दिला. अट त्यांचीच, निर्णयही त्यांचा. मी 'हो' म्हटलं. चाळीस वर्षांत मला 'हो' कधी म्हणायचं ते कळायला लागलंय.

झाडं आणायला मुलीच्या गाडीतून हडपसरच्या पुढे, मांजरी गावाकडच्या एका रोपवाटिकेत गेलो. आजूबाजूला अजून थोडा ऊस आहे आणि उसातून इमारती उगवल्यात. रोपवाटिकेचे मालक तिथलेच, जमिनीवाले. ह्यांनी विचारलं, देशी झुडपं आहेत का.

"हाय की. कंच्या रंगात देऊ?"

ह्यांनी सांगितलं की देशी म्हणजे मूळची इथली. मालक म्हणाले सगळी इथलीच हायेत, हितंच तर वाढवली. मग त्यांनी गुलाबी पानांचं एक रोप पुढे केलं आणि म्हणाले, हे बगा, हे थायलंडचं देशी हाय, लई चालतं. ह्यांनी डोळे मिटून घेतले. शेवटी पार मागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, काळ्या पिशव्यांतली काही रोपं सापडली. कुणीतरी मागवून न्यायला विसरलं होतं. धायटी, निर्गुडी, अडुळसा, कोरांटी आणि एक मुरुडशेंग. टेकडीवर फिरायला जाताना ज्यात साडी अडकते ती सगळी मंडळी. मालकांना आमची दया आली असावी, त्यांनी थायलंडचं देशी वरून भेट देऊ केलं. ह्यांनी ते हात जोडून परत केलं.

परतीच्या रस्त्यात हे मागच्या सीटवर रोपांच्या पिशव्या सांभाळत धायटीचं कौतुक करत होते. सह्याद्रीची अस्सल लेक, खडकात येते, कुणाकडे काही मागत नाही. मी विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले हो?"

"कसबा पेठ. हे काय विचारणं झालं?"

"आणि त्याच्या आधी?"

"आधी म्हणजे?"

"म्हणजे कसब्यात जमिनीतून वर आलात का?"

ते म्हणाले, कोकणातून आलं असेल कुणी तरी. पेशवाईत. रुजायला तेवढा काळ पुष्कळ झाला. मी म्हटलं, मग माझे किती धरायचे? मुलगी आरशातून दोघांकडे बघून हसत होती. ह्यांनी धायटीची पिशवी मांडीवर घेतली आणि बाहेर बघत राहिले. एके काळी बाटलीतला गुलाब घेऊन बसायचे, तसेच बसले होते.

गुलाब काढले त्या दिवशी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. खणायला माणूस बोलावला होता. हे शेजारी खुर्ची टाकून बसले आणि एकेक झाड निघताना त्याचं पूर्ण नाव म्हणाले. मग पत्र्याची पट्टी हातात घेतली, रुमालानं पुसली, खिशात ठेवली. फ्रेंच सरदाराच्या बायकोच्या वेळी नाव घशातून बाहेर येईना, तो दमा होता की दुसरं काही, ते मी विचारलं नाही. मला त्या झाडांचा मनापासून राग होता. तरी तेव्हा मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी त्या सगळ्या पट्ट्या ह्यांनी शोकेसमधल्या चषकात ठेवल्या. फवारणीचा पंप मी त्याच दिवशी माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या मागे टाकला. खणलेल्या झाडांचा ढीग मात्र फाटकाशी पडून राहिला, कारण कचरा घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, काटे ओल्यात की सुक्यात ते आधी ठरवा. त्यावर आमच्या गल्लीत दोन तट पडले आणि ते अजून आहेत.

नवी झुडपं लहान असताना वाफा भकासच दिसत होता. त्यात हे दवाखान्यात होते ही बातमी उशिरानं पसरत होती. एक दिवस मागच्या गल्लीतले एक गृहस्थ चेहरा लांब करून आले. ओसाड बाग बघितली, फाटकातच चपला काढल्या, घंटा वाजवली. दार ह्यांनीच उघडलं. गृहस्थ ह्यांना नीट ओळखत नव्हते. खाली बघत म्हणाले, "कधी झालं?"

"अजून नाही," हे म्हणाले. "झालं की कळवतो."

पावसाळ्यात सगळं भराभर वाढलं, आणि वाढल्यावर ते जसं दिसायचं तसं दिसायला लागलं, म्हणजे रान. सोसायटीकडून लेखी पत्र आलं की आपल्या आवारात रान माजले आहे. ह्यांनी त्याच कागदाच्या खाली लिहून परत पाठवलं, 'माजलेले नसून लावलेले आहे.' पहाटे लोकांच्या कुंपणावरून देवासाठी फुलं काढत फिरणारे एक आजोबा आहेत, हातात पिशवी आणि टोकाला तार वाकवलेली काठी. ते पूर्वी गुलाबांना घाबरून आमच्या बाजूला फिरकायचे नाहीत. आता थांबले, धायटीकडे, अडुळशाकडे निरखून बघितलं आणि ह्यांना विचारलं, कुठल्या देवाला चालतं हे? हे म्हणाले, कुठल्याच नाही. आजोबा म्हणाले, मग लावलंत कशाला? आणि नापसंतीनं मान हलवत पुढच्या बंगल्यातल्या तगरीकडे गेले. ह्यांना त्या दिवशी फार समाधान वाटलं. देवसुद्धा मागणार नाही अशी बाग पुण्यात दुसरी नसेल, असं त्यांनी मला जेवताना सांगितलं.

निळा पंप ते आता घेत होते, पण मी डोळे वटारले की. मनापासून नाही. कुणी फाटकाशी आलं की तो खिशात लपवायचे. आणि मी मनातून अजून बेसावध झाले नव्हते, कारण माळ्याकडे त्यांची नजर जाते हे मला माहीत होतं.

गणपती उठून गेल्यानंतरची गोष्ट. दुपारी मी कणीक मळत होते. बाहेरून हाक आली.

"अगं, पंप कुठे ठेवलास?"

माझ्या हातून परात सरकली. मी तशीच कणकेच्या हातांनी बाहेर आले. कोरांटीवर काळ्या काटेरी अळ्या पडल्या होत्या आणि पानांची पार चाळण झाली होती. हे तिच्यासमोर भिंतीला हात लावून उभे होते. एवढं मला पुरलं. गेल्या कित्येक महिन्यांत जे साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, झालं का सुरू? चार अळ्या दिसल्या की लागली हाताला खाज. त्या अळ्यांची फुलपाखरं होतात, त्या बाईंनी तुमच्यासमोर सांगितलं होतं, तुम्ही मान डोलावली होती. पानं खायलाच लावलीत ती. मी जैवविविधता हा शब्दही वापरला, आणि बरोबर उच्चारला. ह्यांनी हात वर केला. मला वाटलं मुद्दा मांडतायत, म्हणून मी आवाज चढवला. म्हटलं, तो पंप तुम्हाला मिळणार नाही, माळ्यावर चढलात तर शिडी काढून घेईन, गुलाबांपायी एकदा स्वारगेटच्या चौकात तुम्हाला मरताना बघितलंय, दुसऱ्यांदा बघणार नाही.

हे पायरीवर बसले. "पंप," एवढंच म्हणाले. आणि मग मला दिसलं की त्यांचे खांदे कानापर्यंत वर जातायत आणि गळ्याखाली खड्डा पडतोय.

मी कशी आत गेले ते मला आठवत नाही. निळा पंप देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर होता. तो कणकेच्या हातात ठरेना, निसटून दोनदा खाली पडला. ह्यांच्या तोंडाशी धरला, दाबला, थांबले, पुन्हा दाबला. ह्यांच्या मिशीला कणीक लागली होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पण हळूहळू छातीतली शिट्टी खाली उतरली आणि खांदे जागेवर आले. मी शेजारी पायरीवर बसले आणि रडले. कणकेच्या हातांनी डोळेही पुसता येत नाहीत.

बोलण्याइतका दम आल्यावर हे म्हणाले, "भाषण चांगलं होतं."

मी बोटांची कणीक खरवडत होते.

"पण आधी 'कुठला' ते विचारत जा."

मी म्हटलं, विचारलं असतं, पण उत्तराएवढा श्वास तरी तुमच्याकडे होता का? तेव्हा मात्र ते विचारात पडले. विम्यातला माणूस, संदिग्ध शब्द त्याला सहन होत नाही, दुसऱ्यानं वापरला तर. संध्याकाळपर्यंत त्यांनी व्यवस्था ठरवली. फवारणीचा पंप हवा असेल तर 'अगं'. हा पंप हवा असेल तर नुसती नावानं हाक मारायची, 'पंप' म्हणायचंच नाही. मी पंप घेऊन यायचं.

"कुठल्या नावानं?" मी विचारलं.

त्यांनी माझं सासरचं चार अक्षरी नाव एकदा म्हणून बघितलं. लग्नानंतर त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकत होते. तिसऱ्या अक्षराला दम लागला. मग त्यांनी माझं माहेरचं नाव म्हटलं. दोन अक्षरं, दुसरं तर नुसतं सोडून दिलं तरी चालतं. ते एका श्वासात झालं.

"हेच बरं पडेल," म्हणाले. "मूळचंच ठेवू."

ज्या नावानं मला हाक मारणारी बार्शीतली सगळी माणसं गेली, ते नाव असं वैद्यकीय कारणानं पुण्यात आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उरलेली कणीक मळली. पोळ्या त्या दिवशी खारट झाल्या, असं जेवताना ह्यांनी सांगितलं.

'अगं, पंप' ही हाक त्यानंतर आली नाही. कोरांटीला नवी पानं फुटली. नावानं हाक थंडीत दोन-तीनदा आली, आणि मी धावले. मग फाल्गुनात एका सकाळी पुन्हा आली, जरा घाईची, आखूड. मी देवपूजा अर्धी टाकून निळा पंप मुठीत घेऊन धावत बाहेर आले. हे धायटीसमोर खुर्चीत बसले होते. तिला लालभडक फुलं आली होती, आणि एका फांदीवर वाकड्या चोचीचा, काळानिळा, अंगठ्याएवढा पक्षी उलटा लटकून मध पीत होता. ह्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि मला शेजारी बसायची खूण केली.

मी म्हटलं, पंप? ते म्हणाले, "नको. हे बघायला बोलावलं."

मी चिडले. मी त्यांना सांगितलं की ते नाव फक्त श्वासाच्या कामाला राखून ठेवलेलं आहे, असं येताजाता वापरायचं नाही. ते "बरं" म्हणाले. पक्षी उडून गेला, तरी आम्ही तिथेच बसून होतो. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा एकदा तीच हाक मारली, अगदी हळू, मी शेजारीच बसलेली असताना.

मी विचारलं, "आता काय?"

"काही नाही," ते म्हणाले. "येतं का ते बघत होतो."